पिंडापुढे कबूल केलेली गाडी

ललितने ती गाडी विकत घेतली नाही. तो ती बोलून बसला. विकतचं श्राद्ध म्हणतात ते हेच, फक्त ललितच्या बाबतीत ते खरोखरच दुसऱ्याच्या दहाव्याला घडलं.

दहावा होता नरहरी सावेचा. माकुणसार गावात ललितच्या वाडीला लागूनच नरहरीची वाडी, मध्ये नुसतं एक कुंपण. नारळ, केळी आणि पानवेली. माणूस सकाळी ओट्यावर चहा पीत बसला आणि बसल्या जागी गेला. खाडीकाठी पिंड मांडले, माणसं मागे सरली, आणि सुरूच्या झाडांवरचे कावळे होते तिथेच बसून राहिले. एरवी कावळ्याला हाकलून हाकलून हात दुखतात. पण पिंडापाशी तो अडून बसला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. तो कशात, हे ओळखून जिवंतांनी मोठ्याने कबूल करायचं, मग कावळा शिवतो, अशी रीत.

नरहरीला मुलगा नव्हता. मुलगी होती, हिमानी, ती लहानपणीच साप चावून गेली. म्हणून पिंडाला पुतण्या बसला होता, प्रणव. तो म्हणाला, "काका, काकीला आमी सांभालू." कावळा हलला नाही. "वाडी विकनार नाय." एका कावळ्याने पंख साफ केले. कोणी म्हणालं पानवेलींना पाणी देऊ, कोणी म्हणालं देवळाचं राहिलेलं काम पुरं करू. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. बायका सहसा खाडीवर येत नाहीत, पण नरहरीची बायको प्रेमला आली होती. ती पुढे सरकली आणि पिंडाकडे बघत उभी राहिली.

आणि ललितने उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नरूदादा, होडीची काळजी करू नको. होडी मी सांभालीन."

होडी म्हणजे नरहरीची गाडी. कावळा खाली आला आणि त्याने पहिल्याच चोचीत पिंड फोडला. सगळ्यांनी श्वास सोडला. "बगा, गाडीतच जीव होता," म्हणत माणसं आंघोळीला वळली. दोघातिघांनी ललितच्या पाठीवर थाप मारली. प्रेमला मात्र ललितकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात उपकार नव्हते. भरल्या पंक्तीत तोंडाशी नेलेला घास कुणी काढून घ्यावा आणि बोलताही येऊ नये, असं ते बघणं होतं. ललितला त्याचा अर्थ लागला नाही. दुःखातली बाई आहे, एवढंच त्याने मनाशी म्हटलं.

ललित राऊत बोईसरच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात फिटर. बॉयलर, पंप, व्हॉल्व्ह यांत त्याची पंचवीस वर्षं गेली, त्यातली मधली चारपाच मस्कतला. घरी बायको मेघाली, मुलगी जागृती, एक मोटरसायकल आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असा स्वभाव. अशा माणसाच्या दारात प्रणवने दुसऱ्याच दिवशी ती गाडी ढकलत आणून लावली.

ट्रायम्फ स्पिटफायर तिचं नाव. विलायतेत बनलेली, दोन सीटची, बिनछपराची, ललितपेक्षा वयाने थोडी थोरली. डहाणूकडच्या एका इराणी बागायतदाराकडून नरहरीने ती तरुणपणी आणली होती. इतकी बुटकी, की आत बसल्यावर रस्त्यावरचं कुत्रं आपल्या डोळ्यांत डोळे घालतं. छप्पर नाही, बूड जमिनीला लागलेलं, म्हणून गावाने होडी म्हटलं ते बरोबरच. तिचं बॉनेट एरवीच्या गाड्यांसारखं उघडत नाही. चाकांवरच्या पत्र्यासकट सगळं नाकच पुढे कलंडतं आणि मग पुढच्या चाकावर बसून, मांडी घालून, इंजिनाशी बोलत बसता येतं. नरहरी रोज तसा बसलेला दिसायचा.

"नाव सोनुबाई आनी हाती कथलाचा वाला," मेघाली म्हणाली. "हिच्यात मी नाय बसनार. आनी दोघंच बसायचं तर पोरीला काय डिकीत टाकायचं?"

ललितने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि चावी फिरवली. गाडीने एक उचकी दिली आणि गप्प झाली. हे असं आठवडाभर चाललं. फिटर माणूस, हट्टाला पेटला. जुन्या हेराल्ड गाडीचे बरेच सुटे भाग हिला बसतात हे त्याला कळलं, मग पालघरच्या भंगारवाल्यांकडे खेपा झाल्या. एका रविवारी होडी सुरू झाली आणि ललित तिला घेऊन केळव्याच्या सुरूबनापर्यंत जाऊन आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला फार मजा आली. वारा तोंडावर, रस्ता हाताच्या अंतरावर, तीसच्या वेगात साठचा थरार. पन्नाशीच्या माणसाला अशी मजा आल्याची लाजही वाटली.

तिचे नखरे हळूहळू कळत गेले. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नाही, आणि चोक वेळेवर आत सारला नाही तर गुदमरते. दिवे लावले की हॉर्न वाजत नाही. उभी असेल तिथे तेलाचा थेंब टाकून खूण ठेवते. आणि सगळ्यांत वाईट खोड म्हणजे तापल्यावर बंद केली की लगेच पुन्हा सुरू होत नाही. उन्हात पेट्रोल आतल्या आतच उकळतं. मग इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि देवाचं नाव घेत थांबायचं. जुनी अँबॅसिडर चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

एकदा तो होडी घेऊन कारखान्यात गेला. फाटकावर कामगारांचा गराडा पडला. त्यातल्या एकाने गाडीभोवती फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, "भाईसाब, बाकी फॅमिली किधर बैठेगी?" सगळे हसले. ललितही हसला. त्याच वेळी त्याच्या मानेवरून काहीतरी थंड सरकल्यासारखं झालं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तिथून पुढे त्याचं लक्ष आपल्याच हातांकडे जायला लागलं. तिसरा गिअर टाकताना दांडा किंचित वर उचलून टाकावा लागतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हात ते आपोआप करत होता. गाडी बंद केली की तो डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक करायचा. एकदा मेघाली म्हणाली, "नरूभाऊजी असंच करायचे." ललित म्हणाला, पाहून पाहून सवय लागली असेल. पण त्याने नरहरीला ते करताना कधी पाहिलं नव्हतं. मग एके दिवशी इंजिन साफ करताना पेट्रोलच्या पंपाच्या मागच्या अंगाला, तेलाच्या थराखाली, तारेने करकचून बांधलेली एक चिंधी सापडली. तेल पिऊन काळी, वाळून लाकडासारखी कडक. तार तोडून ती सोडवली तर आतल्या घडीत हिरवा रंग आणि जरीचा काठ. साडीचा पदर होता तो. फडकं म्हणून चांगल्या साडीचा जरीकाठ कोण फाडतं? ललितने ती चिंधी पडवीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. फेकून द्यायचं त्याच्या मनात होतं, पण त्याच्याने फेकवेना.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने मेघालीलासुद्धा सांगितली नाही. होडी तापून रस्त्यात उभी राहिली की मागून येणारा एखादा टेम्पो हळू व्हायचा. गावातला देवू विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन टेम्पोने स्टेशनला जातो, बहुतेक वेळा तोच असायचा. त्याने वेग कमी केला की ललितचा उजवा हात वर जायचा आणि 'जा, जा' अशी खूण करायचा. मदत हवी असायची, घसा कोरडा पडलेला असायचा, आणि हात मात्र टेम्पोला वाटेला लावायचा. तोंडातून शब्द निघायचे, "जा तू, आमची आता सुरू होईल." एकटा असतानासुद्धा 'आमची'. देवूचा चेहरा उतरायचा आणि तो निघून जायचा. घरी आल्यावर ललित तो हात साबणाने धुवायचा.

होडी द्यायचीच, असं त्याने दोनदा ठरवलं. प्रणवला म्हणाला, बाबा रे, तुझ्या काकाची वस्तू, तू ने. प्रणवने कानाला हात लावले. "काका, मी आनली असती. पन पिंडापुडे तुमी बोललाव. मी नेली आनी त्याचा जीव परत अडकला तर?" ललितलाही हेच वाटत होतं. दुसऱ्या कुणाला वचन दिलं तर तो माणूस आज ना उद्या सोडवील तरी. मेलेल्या माणसाकडे वचन परत मागायला कुठे जायचं? एवढं मात्र त्याला पुरतं कळून चुकलं होतं, की कावळा शिवला तरी नरहरी गेलेला नाही. तो गाडीत बसून आहे. आणि तो गाडीतून उठत नाही तोवर ललितचे हात ललितचे राहणार नाहीत.

मे महिन्यात जागृतीची मुलाखत आली. कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत, तलाठी कार्यालयातल्या कंत्राटी कामासाठी. मोटरसायकल पंक्चर होती. ललित सकाळीच होडीने बाजारात जाऊन आला होता, गाडी तापलेली होती, ऊन मी म्हणत होतं. जागृती नवा ड्रेस सांभाळत डाव्या सीटवर बसली आणि ललितने चावी फिरवली. इंजिन नुसतंच घुरघुरत राहिलं.

"पप्पा, उशीर होईल."

"दोन मिनटं. आता सुरू होईल."

त्याने नाक उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं, पुन्हा चावी फिरवली. जागृती रडवेली झाली. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून देवूचा टेम्पो आला आणि हळू झाला. ललितने स्वतःचा हात वर जाताना पाहिला. "जा तू," तो म्हणाला, "आमची आता सुरू होईल."

कुंपणापलीकडून प्रेमला आली ती अनवाणी, काट्याकुट्यांतून. साठीची बाई अशी धावताना ललितने कधी पाहिली नव्हती. तिने चालत्या टेम्पोची दांडी धरली. देवूने करकचून ब्रेक मारला. तिने जागृतीच्या दंडाला धरून तिला अक्षरशः उपसून काढलं आणि देवूच्या शेजारी कोंबलं. "हिला घेऊन जा. कोन काय पन सांगू दे, तू थांबायचं नाय." टेम्पो गेला. मग ती ललितकडे वळली.

"ते परत बोल," ती म्हणाली.

"काय, वयनी?"

"आता सुरू होईल. बोल ना. त्याच्याच आवाजात बोललास."

तिची नजर पडवीकडे गेली, खिळ्यावरच्या चिंधीकडे, आणि ती तिथेच गाडीच्या कडेवर टेकली.

"तेवा तू मस्कतला होतास," ती म्हणाली. "तुला कलवलं असंल, साप चावला नि पोर गेली. तेवढंच सांगतात. हे असंच ऊन होतं. हा केलव्याहून फिरून आलेला. हिमानी वेलींत खेलत होती, किंचाली. पायाला दोन दात. मी उचलली नि गाडीत बसले, ह्याच सीटवर, पोर मांडीवर. गाडी तापलेली. सुरूच होईना. हा बोलतो, दोन मिनटं. फडकं आन. फडकं कुटून आनू? पोर मांडीवर हाय. ह्याने माजा पदर फाडला, पान्यात बुडवला नि पंपाला बांधला. तवर देवू आला टेम्पो घेऊन. देवू पोरगाच होता तेवा. थांबला. नि ह्याने त्याला हात केला."

तिने हात वर केला. 'जा, जा.' खूण हुबेहूब तीच होती.

"मोठ्या मानसाने सांगितलं म्हनून देवू गेला. मग गाडी सुरू झाली. झाली ना. पालघरला पोचलो तेवा पोर गार पडली होती. डॉक्टर बोलले, जरा लवकर आनायची होती."

दोघांच्या मध्ये इंजिनाचा तापलेला पत्रा टिकटिक करत निवत होता. ललितला आपल्या हातांची किळस आली. नरहरी रोज या गाडीपाशी बसायचा त्याला गाव हौस म्हणत होतं, आणि ललितही म्हणत होता. तो चाकावर बसून काय करत होता, हे त्याला आत्ता कळलं. ती बिघडू नये म्हणून नाही, आता तरी वेळेवर सुरू हो म्हणून तो तिची विनवणी करत बसायचा.

"तो मला कदी काय बोलला नाय," प्रेमला म्हणाली. "मीपन नाय. त्याला जेवन वाढलं, पाठ चोलून दिली, दुखलंखुपलं बघितलं. पन ते एक नाय बोलले. तो वाट बघायचा. जेवताना ताटावरून वर बघायचा, तेवा मला कलायचं, हा आता मागतोय. मी भाकरी वाढायची."

"खाडीवर..." ललित म्हणाला आणि थांबला.

"खाडीवर मी तेच बोलायला आले होते. जा, माफ केलं तुला. ओठावर आनलं होतं. नि तू मदीच गाडीचं बोललास नि कावला आला. मग मी काय बोलू? कावला शिवल्यावर पिंडाशी कोन बोलतं?"

ललितने कपाळाला हात लावला. गावातल्या प्रत्येकाने तेच केलं असतं. कावळा अडला की ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं असतं, त्यात पुण्य असतं. त्याने पुण्य केलं आणि एका बाईच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. पण मग एक आशाही त्याच्या मनात उभी राहिली, आणि ती त्याने लपवली नाही.

"वयनी, आता बोला. तो हितंच हाय. मला ठावं हाय, तो हितंच हाय. तुमी बोललात तर तो जाईल. मीपन सुटेन."

प्रेमलाने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. दार उघडून ती डाव्या सीटवर बसली. मांडीवर दोन्ही हात ठेवले. इतकी वर्षं ती त्या गाडीच्या सावलीला उभी राहिली नव्हती. "तू जा तिकडं," ती म्हणाली.

ललित माडांच्या आळ्यांपर्यंत जाऊन पाठमोरा उभा राहिला. मेघाली पडवीत आली होती, तिला त्याने हातानेच गप्प राहायला सांगितलं. मागून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. भांडणासारखा नव्हता, रडण्यासारखाही नव्हता. वाण्याला काय हवं नको ते सांगावं तसा सरळ, सावकाश. मध्ये एकदा ती बराच वेळ थांबली, जणू समोरच्याचं ऐकून घेत होती. ललितच्या अंगावर भर उन्हात काटा आला. मग दार वाजलं.

ती उतरली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. ललित पुढे झाला. "बोललात?"

"बोलले."

"माफ केलंत?"

"नाय," प्रेमला म्हणाली. "खाडीवर लोकं होती, कावला होता, भटजी घड्याल बघत होते. तितं मी खोटं बोलले असते. बरं झालं तू मदी बोललास. हितं कोन नव्हतं. म्हनून खरं तेच सांगितलं. तुला माफ नाय केलं, कदी करनार पन नाय, ताटावरून वर बघत बसू नको."

"मग तो..." ललितने गाडीकडे पाहिलं. "तो गेला का?"

"मला काय ठावं तो गेला का. मी सुटले." तिने पदर खोचला आणि कुंपणातल्या फटीतून आपल्या वाडीत गेली. वेलींना पाणी सोडायची तिची वेळ झाली होती.

ललितने घाम पुसला, सीटवर बसला आणि चावी फिरवली. होडी एका झटक्यात सुरू झाली. तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की दोन बोटं डॅशबोर्डवर टकटक करतायत.

जागृतीला ते काम मिळालं. मेघाली सांगते, प्रेमलावहिनी हल्ली दुपारी खुशाल ओट्यावर झोपते, घोरतेसुद्धा. तिने हिमानीचा फोटो पेटीतून काढून भिंतीला लावलाय. ललित होडी सांभाळतो. ती देता येत नाही, विकता येत नाही, आणि उभी ठेवली तर दोन दिवसांत त्याचे हात शिवशिवायला लागतात. केळव्याच्या रस्त्यावर अजूनही ती तापून थांबते, अजूनही त्याचा हात वर जातो आणि तोंड ते शब्द बोलतं. फरक एवढाच, की देवू आता हाताकडे बघत नाही. टेम्पो बाजूला घेतो, उतरतो, ललितचा तो वर गेलेला हात धरून खाली आणतो आणि त्याला चढवून घरी घेऊन येतो. हिमानीच्या वेळी मी हात मानून निघून गेलो, हे देवूलाही बोलायचं असतं, पण ज्या पोरीला सांगायचं ती आता राहिलेली नाही.